जी चाळीस आणि गोजरबाईंची चप्पल

ही हकीकत दोन हजार तेवीस सालची. साल मला नक्की आठवतं, कारण त्या ऑगस्टमध्ये मला सत्तर पूर्ण होणार होती आणि त्याच आठवड्यात माझ्या स्कूटरच्या लायसन्सची मुदत संपणार होती. पहिल्या गोष्टीचं मला काही वाटलं नव्हतं. सत्तर काय, जगलं की होतात. लायसन्ससाठी मात्र अर्ज करावा लागतो.

स्कूटर मी शिकले पंचावन्नाव्या वर्षी, अंबरनाथच्या फॅक्टरी कॉलनीत. आमच्या ह्यांनी शिकवली. म्हणजे मी स्कूटरवर, माझ्यामागे "ब्रेक, वृंदा, ब्रेक!" असं ओरडत धावणारे हे, आणि ह्यांच्यामागे कॉलनीतली तीन कुत्री. हे रिटायर झाल्यावर आम्ही बदलापूरला पूर्वेला फ्लॅट घेतला. दोन हजार पंधरात हे गेले. स्कूटर राहिली, आणि त्यानंतर माझं बरंचसं आयुष्य त्या स्कूटरवरच चाललं.

एकटीचं नाही. शालनचंही. शालन आणि मी विठ्ठलवाडीच्या एकाच चाळीत वाढलो. तिच्या घरी आमटी आंबट असायची आणि आमच्याकडे गोड, म्हणून आम्ही लहानपणी वाट्या बदलून जेवायचो. आता ती पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहते. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टर आठ वर्षं ऑपरेशन करा म्हणत होते आणि ती आठ वर्षं "बघू" म्हणत होती. रिक्षात चढता-उतरताना तिला रडू यायचं, पण माझ्या स्कूटरवर ती एका बाजूला पाय सोडून आरामात बसायची. दर बुधवारी मी उड्डाणपूल ओलांडून तिच्याकडे जायची. मग आम्ही बाजार, बँक, नाहीतर नुसतंच नदीपर्यंत जाऊन यायचो. ती जिन्याच्या दहा पायऱ्या खाली उतरायची ती फक्त बुधवारी. तेव्हा माझ्या लायसन्सवर नाव माझं एकटीचं असलं तरी ते आम्हा दोघींचं होतं, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

तर मे महिना, सोमवार, संकष्टी. सकाळपासून पोटात दोन कप चहा. अकराच्या उन्हात मी पश्चिमेच्या बाजारात गोजरबाईंसमोर वाकून करवंदं निवडत होते. गोजरबाई बारवी धरणाकडच्या एका पाड्यातून रानमेवा आणि भाजी घेऊन येतात. वय माझ्याहून थोडं कमी, आवाज माझ्याहून बराच जास्त. पाव किलो करवंदं निवडायला मला पंधरा मिनिटं लागली, कारण निवडल्याशिवाय मी घेत नाही. मग मी उठून उभी राहिले आणि त्यानंतरचं मला आठवत नाही.

पुढचं आठवतं ते असं: आकाश, त्यात सात-आठ तोंडं, आणि माझ्या नाकाला टेकलेली एक चप्पल.

आमच्याकडे रस्त्यात कुणी पडलं की आकडी आली असं धरतात आणि चप्पल नाहीतर कांदा हुंगवतात. कांदे शेजारच्या गाडीवर ढिगानं होते. पण गोजरबाईंनी चप्पल निवडली. बारवीच्या रस्त्यानं बारा महिने चाललेली चप्पल. तिचं वर्णन मी करणार नाही. शुद्धीवर आलेल्या माणसानं पुन्हा बेशुद्ध व्हावं असा तिचा गुण होता.

गोजरबाईंनी टोपली तिथेच टाकली, मला रिक्षात घातलं आणि स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. हॉस्पिटलचं नाव मी सांगत नाही, कारण माणसं चांगली होती. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "आजी, काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत गोजरबाई म्हणाल्या, "आकडी आली तिला. हात असा थडथडला. मी चप्पल हुंगवली, तवा उठली. नायतर गेलीच होती!"

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. मला एक दिवस ठेवलं, डोक्याचे फोटो काढले, डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या, सगळं ठीक निघालं. दुसऱ्या दिवशी एक छापील कागद हातात देऊन घरी पाठवलं. तो मी न वाचता ह्यांच्या फोटोमागच्या पिशवीत ठेवला. चाळीस वर्षं कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लोकांचे नंबर जोडले, आणि स्वतःच्या कागदावर कोणता नंबर पडलाय ते बघितलं नाही. असो.

जुलैत लायसन्सचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक प्रश्न आहे. आपणास अपस्मार आहे काय, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे अथवा चक्कर येण्याचे झटके येतात काय? पुढे 'होय' आणि 'नाही'. मागच्या वेळी मी बेधडक 'नाही'वर खूण केली होती. या वेळी पेन अडलं. तालुक्याचा अर्धा बाजार मला आडवी पडलेली बघून गेला होता.

माझ्या वयाला डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं. मी पिशवीतला कागद घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "काकू, सही नाही करता येणार. हे जी चाळीस आहे."

"म्हणजे?"

"अपस्मार. मिरगी. आकडी. काय म्हणाल ते."

मी म्हटलं, "अहो, मला आयुष्यात कधी—"

"मला माहीत आहे हो. पण कागदावर आहे ना."

या एका वाक्यानं माझी झोप गेली.

आमच्या सोसायटीत दोन जाणकार आहेत. एक तळमजल्यावरचे कमळाकर, कोर्टात बेलिफ होते, समन्स आणि जप्त्या घेऊन लोकांच्या दारी जायचे, आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. दुसरी माझ्या समोरच्या दाराची ऋतिका. वय चोवीस. ती घरी बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे कागद वाचते आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला नंबर लावते. हा धंदा असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ही पोरगी दिवसभर गेम खेळते.

कमळाकर आधी भेटले, कारण ते नेहमी आधीच भेटतात. "वहिनी, एवढ्यासाठी कशाला जीव टांगणीला लावताय? कागद फाडा. अर्जावर 'नाही' लिहा. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते माणसाकडे बघतसुद्धा नाहीत. सरळ सही करतात."

"म्हणजे मी खोटं लिहू?"

"खोटं कसलं? तुम्हाला मिरगी आहे का?"

"नाही."

"मग!"

"पण चक्कर आली होती ना. 'कोणत्याही कारणाने' असं छापलंय."

कमळाकरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू जप्तीला गेल्यावर घरमालकानं स्वतःहून कपाटाची किल्ली दिली असावी. कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला खऱ्याची सवय राहत नाही, हे मी समजू शकते. पण आमच्या एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर जोडला तर सुपरवायझर बाई सगळ्यांसमोर उभं करायच्या. ती भीती अजून माझ्या अंगात आहे.

मग मी ऋतिकाकडे गेले. तिनं कानावरचं ते यंत्र काढलं, कागद बघितला आणि म्हणाली, "अरे बापरे आजी, तुम्हाला तर डायरेक्ट जी चाळीसमध्ये टाकलंय!"

"कुठे टाकलंय?"

"बसा. बघा, ही एक बिल्डिंग समजा. अचानक येतात आणि जातात ना, झटकेवाले आजार, त्यांची. जी चाळीस ते जी सत्तेचाळीस. चाळीस म्हणजे आकडी. एक्केचाळीस म्हणजे थांबतच नाही अशी आकडी. त्रेचाळीसला मायग्रेन राहतो. चव्वेचाळीसला बाकीच्या डोकेदुख्या. पंचेचाळीस म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो तो. सत्तेचाळीसला झोपेच्या तक्रारी."

"आणि बेचाळीस?"

"बेचाळीस नाहीच."

"का?"

"माहीत नाही आजी. नाहीये बस्."

मला ती बिल्डिंग डोळ्यांसमोर दिसायला लागली. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीतसुद्धा एका नंबरची खोली नव्हती. मला वाटलं, निदान त्या बेचाळीसमध्ये तरी टाकायचं होतं मला. कुणाला त्रास झाला नसता.

"मग तू बदल ना हा नंबर," मी म्हटलं.

ती दचकली. "मी? आजी, असं नाही करत. कोड आम्ही मनानं लावत नाही. डॉक्टरनं जे लिहिलंय त्याचाच लागतो. डॉक्टरनं 'आकडी' लिहिलं तर चाळीसच. तिथलं लिहिलेलं बदललं तर कोड आपोआप बदलणार."

"आणि डॉक्टरनं का लिहिलं?"

"त्याला कोणीतरी सांगितलं असणार."

सांगणारी कोण, ते मला माहीत होतं.

इथे माझी चूक झाली. मी ऋतिकाला सोबत न्यायला हवं होतं. पण तिची शिफ्ट होती, आणि कमळाकर शर्ट इन करून तयार होते. "साक्षीदार लागेल," ते म्हणाले. "मी बोलतो सगळं. तुम्ही एक शब्द बोलू नका."

हॉस्पिटलच्या कागदपत्रांच्या खोलीत जितेश नावाचा एक गोरा, गुबगुबीत मुलगा बसायचा. उल्हासनगरचा. त्यानं उठून मला खुर्ची दिली. "बैठो आंटी. पाणी घेणार? देखो, मी फक्त टाइप करतो. लिहितो डॉक्टर. डॉक्टरनं नया लिहून दिला ना, दोन मिनटात करून देतो." अगदी ऋतिकाचंच म्हणणं. मला बरं वाटलं. तीन तास थांबून आम्हाला एक मोठे डॉक्टर भेटले. त्यांना जायची घाई होती.

कमळाकर पुढे झाले. घटनेच्या वेळी हे गृहस्थ सोसायटीच्या टाकीवर चढून पाण्याची पातळी बघत होते. पण साक्ष द्यायची म्हटल्यावर त्यांच्यात काहीतरी संचारलं. "डॉक्टरसाहेब, आकडी अजिबात नाही. माझ्या मेव्हण्याला मी बघितलंय ना. हात एकदम लुळा पडला. तोंडही जरासं—" आणि त्यांनी ते करून दाखवलं.

"बोलता येत होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीतरी करवंदांबद्दल बरळत होत्या म्हणे."

"एरवी काही तक्रार? झोप वगैरे?"

"झोप भरपूर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या झोपतात."

हे खरं आहे. पण त्या मीटिंगांमध्ये कोण बोलत असतं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही.

"आजी, आत्ता डोकं दुखतंय का?"

मी कमळाकरांकडे पाहिलं आणि म्हटलं, "आत्ता खूप दुखतंय."

संध्याकाळी जितेशनं नवीन कागद दिला तेव्हा बिचाऱ्यानं मान खाली घातली होती. मी तो ऋतिकाला दाखवला. तिनं वाचला आणि तोंडावर हात ठेवला. जी चाळीस पुढे प्रश्नचिन्ह लावून तसंच होतं. शिवाय जी पंचेचाळीस, जी सत्तेचाळीस आणि जी चव्वेचाळीस. एक खोली रिकामी करायला गेलेली मी, अर्धी बिल्डिंग नावावर करून आले होते.

माझ्या मुलाला, अनीशला, हे कळायला नको होतं. कमळाकरांनी त्याला फोन करून कळवलं. काळजीपोटी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुण्याहून हजर. आल्या आल्या त्यानं चहा घेतला नाही, खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली.

"आई, पुरे झालं. चार आजार आहेत कागदावर."

"एकही नाही रे."

"मग हॉस्पिटल खोटं बोलतंय का? पुलावर चक्कर आली असती म्हणजे? मागे शालनमावशी असती म्हणजे?"

खरं सांगायचं तर तीच भीती मलाही होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. जर खरंच जी चाळीस असेल, तर? मला खोटा कागद नको होता याचं अर्धं कारण एक्स्चेंजमधल्या सुपरवायझर बाई, आणि अर्धं कारण मागच्या सीटवर बसणारी शालन. मला स्वतःलाच कळायला हवं होतं.

अनीश किल्ली खिशात घालून पुण्याला गेला. स्कूटर जिन्याखाली धूळ खात उभी राहिली. पहिल्या बुधवारी मी शालनला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मला आज तसंही बाहेर पडायचं नव्हतं." दुसऱ्या बुधवारी तेच. तिसऱ्या बुधवारी मी रिक्षानं तिच्याकडे गेले तर ती खिडकीत खुर्ची टाकून बसली होती आणि खिडकीच्या गजावर तिच्या तळव्यांचे ठसे पडले होते. "कंटाळा नाही गं येत," ती म्हणाली. "समोर एक गॅरेज आहे. आता मला पंक्चर काढता येईल."

घरी आले आणि ऋतिकाच्या दारावर थाप मारली. "पोरी, एक दिवस सुट्टी घे. तू चल माझ्याबरोबर."

ती म्हणाली, "येते. पण कमळाकर काका नकोत. ज्यांनी बघितलं त्या बाई हव्यात."

गोजरबाईंना आणणं सोपं नव्हतं. मधल्या अडीच महिन्यांत त्या बाजारात मोठ्या झाल्या होत्या. मरणाच्या दारातून त्यांनी एक बाई परत आणली, चपलेच्या एका वासात, हे सगळीकडे पसरलं होतं. लोक चक्कर येणाऱ्या सुना घेऊन यायचे. उचकी न थांबणारा एक रिक्षावाला दोनदा येऊन गेला. ती चप्पल गोजरबाईंनी पायात घालायची बंद केली होती. धुऊन, टोपलीशेजारी एका केळीच्या पानावर ठेवायच्या. त्यामुळे भाजीही जास्त खपायची.

मी सगळं सांगितलं. "तुमच्या सांगण्यावरून माझ्या कागदावर आकडी लिहिली गेली. लायसन मिळत नाही. तुम्ही जे बघितलं ते डॉक्टरांना पुन्हा सांगाल का?"

गोजरबाई घुश्शात आल्या. "मी तुझा जीव वाचवला, बाय, आणि आता मीच खोटी?"

"खोट्या नाही हो."

"टोपली टाकून आली मी. त्या दिवशी माझी सगळी करवंदं माणसांच्या पायाखाली गेली, ठावं हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. अडीच महिन्यांत मी ते विचारलंसुद्धा नव्हतं. मी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. काय बोलले ते आठवत नाही, पण त्या शेवटी म्हणाल्या, "बरं, येते. पण चप्पल संगती घेऊन येणार."

मंगळवारी हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरीणबाई येतात. तरुण, बारीक, आवाज इतका हळू की आम्ही तिघी पुढे वाकून ऐकत होतो. बाहेरच्या बाकांवर पंधरा-वीस माणसं, त्यात गोजरबाईंची दोन गिऱ्हाइकं. दार उघडंच होतं. ऋतिकानं डॉक्टरीणबाईंना आपलं काम सांगितलं आणि गोजरबाईंकडे वळली. "मावशी, आजाराचं नाव घ्यायचं नाही. आकडी नाही, काही नाही. फक्त डोळ्यांना काय दिसलं ते, एकापुढे एक. जसं दिसलं तसं."

गोजरबाईंनी चपलेची पिशवी मांडीवर घेतली. मग त्यांनी सुरुवात केली, आणि मी तुम्हाला सांगते, आकाशवाणीवरसुद्धा मी इतकं स्वच्छ वर्णन ऐकलेलं नाही.

"ही वाकलेली होती. लय वेळ. एकेक करवंद उलटंपालटं करून बघत होती, मी मनात शिव्या घालत होती. मग उठली. उठली तशी तोंड पांढरं फटक. ओठांवर घाम. बोल्ली, 'गोजरबाई, अंधारी आली.' आणि बसल्यावानी खाली गेली. हळूच. आपटली नाय. हात एकदोनदा थडथडला."

"किती वेळ पडून होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी चप्पल काढली तेवढा वेळ. पट्टा आहे तिला, जरा वेळ लागतो."

"आणि चप्पल हुंगवल्यावर डोळे उघडले?"

गोजरबाईंनी मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. मग दाराबाहेरच्या गिऱ्हाइकांकडे. मला त्या क्षणी वाटलं, नको, जाऊ दे, या बाईचं काय घेतोय आपण!

"नाय," गोजरबाई म्हणाल्या. "डोळं आधीच उघडलं होतं. माझ्याकडं बघून बोल्ली, 'करवंदं सांडली का?' अगदी नीट बोल्ली. पण चप्पल हातात काढली होती ना मी. सगळी माणसं बघत होती. मग हुंगवलीच."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी "हात् तुझ्या" म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. गोजरबाईंनी मान वर ठेवली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओळनओळ लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

अडीच महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विठ्ठलवाडीला आमच्या चाळीखाली एक डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे ताप घेऊन गेलो, खरूज घेऊन गेलो, तरी आधी हेच विचारायचे. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मी म्हटलं, "संकष्टी होती. दोन कप चहा. आणि सकाळी बीपीची गोळी."

त्यांनी मला आडवं करून बीपी घेतलं, उभं करून घेतलं, जुन्या रेघा पुन्हा बघितल्या. मग म्हणाल्या, "आजी, तुम्हाला मिरगी नाही. झोपेचा आजारही नाही. रिकामं पोट, ऊन, आणि बराच वेळ वाकून एकदम उठणं. साधी मूर्च्छा आहे ही. गाडी चालवायला माझी हरकत नाही, पण उपासाच्या दिवशी नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. "उपासच नाही करणार."

"तसं नको. गाडी नको."

जितेशनं डब्यातली रोटी अर्धी टाकून नवा कागद काढला. ऋतिका त्याच्या खांद्यावरून बघत होती. "आर पंचावन्न," ती म्हणाली. "आजी, वेगळीच बिल्डिंग! इथे नुसती लक्षणं राहतात, आजार नाही." जितेश म्हणाला, "आंटी, मिठाई पायजे हां." मी त्या दोघांकडे बघितलं आणि मला वाटलं, सातासमुद्रापलीकडच्या लोकांचे कागद वाचणारी पोरगी आणि कागदपत्रांच्या खोलीत दिवसभर टाइप करणारा मुलगा, यांनी आपापलं काम नीट केलं म्हणून मी मोकळी झाले. पहिल्या डॉक्टरवरही राग उरला नाही. त्यानं ऐकलं तेच लिहिलं होतं. गप्प मीच बसले होते.

अर्जावर मी 'होय'वर खूण केली आणि सोबत डॉक्टरीणबाईंचा कागद लावला. लायसन्स आलं, पाच वर्षांचं. किल्ली अनीश स्वतः घेऊन आला आणि मी चहा टाकेपर्यंत जिन्याखाली जाऊन स्कूटर पुसत बसला. त्याचे वडीलही असेच होते, माफी मागायची असली की काहीतरी पुसायचे.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. कमळाकर अजून सेक्रेटरी आहेत. माझ्या प्रकरणात साक्षीदार लागेल असं आधी तेच म्हणाले होते, त्यामुळे लायसन्स आपल्यामुळे मिळालं असं ते सांगतात, आणि मी त्यांना सांगू देते. मीटिंगमध्ये मी आता जागी राहते. अवघड जातं. जितेशचं लग्न झालं. कॅम्प चारला मांडव होता, आम्ही गेलो होतो, आणि त्यानं सासरच्यांना माझी ओळख "ये मेरी आर फिफ्टीफाइववाली आंटी" अशी करून दिली. ऋतिकाला बढती मिळाली. नव्या मुलांना शिकवते. त्यांना पहिल्या दिवशी एका करवंदवाल्या बाईची गोष्ट सांगते म्हणे.

गोजरबाईंकडे उचकीवाला रिक्षावाला परत आला नाही. दोन-चार महिने बाजारात त्यांची टिंगल झाली. मी रोज जाऊन त्यांच्याशेजारी बसायची, आणि कुणी काही बोललं की सांगायची, रिक्षात घालून नेलं कुणी? सगळा माल सोडून आलं कुणी? तुम्ही आलात का? हळूहळू लोक गप्प झाले. आता त्यांची सून माल आणते आणि गोजरबाई फक्त भाव सांगतात. माझ्यासाठी करवंदं निवडून वेगळी ठेवतात, वाकायला नको म्हणून. त्यात एक-दोन नेहमी आंबट असतात. मी बोलत नाही.

आणि शालन. लायसन्स आलं त्याच बुधवारी ती मागे बसली आणि उड्डाणपुलावर माझ्या कानाशी म्हणाली, "तू एका कागदासाठी दोनदा हॉस्पिटलात जाऊन आलीस. मी आठ वर्षं एकदा जायला घाबरतेय. चल, जाऊया." दिवाळीनंतर एक गुडघा, पुढच्या जूनमध्ये दुसरा. व्यायामाला, टाके दाखवायला, सगळीकडे मीच नेलं, मागच्या सीटवर उशी बांधून. आता तिला चालण्याचा इतका नाद लागलाय की स्कूटरवर बसायचं नावच घेत नाही. त्यामुळे बुधवारी सकाळी हेंद्रेपाड्याच्या रस्त्यावर एक म्हातारी हात हलवत झपाझपा चाललेली असते, आणि तिच्या बाजूनं दुसरी म्हातारी, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, तिच्या चालीनं स्कूटर चालवत असते. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात. शालन वळून त्यांना ओरडते, "थांबा जरा, तिला दमानं येऊ द्या!"